‘तुमची एखादी उणीव सांगा’ : पीए प्रवेश-मुलाखतीतल्या एका उत्तराचं वाचन



या मालेत आपण आजवर कादंबऱ्या वाचल्या, नाटकं वाचली, एकदोनदा गाजलेली भाषणंही वाचली. आज आम्ही वाचायला घेतलेला मजकूर कुठेच छापलेला नाही. तो जेमतेम दीड-दोन मिनिटांचा असतो. बोलणारा बहुधा विशीतला असतो, ऐकणारे दोघं-तिघं असतात, आणि ते ऐकता ऐकता समोरच्या कागदावर गुण मांडत असतात. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, होण्यासाठी जी प्रवेश-मुलाखत असते तिच्यात या ना त्या रूपात एक प्रश्न येतो: तुमची एखादी उणीव सांगा. त्याला दिलं जाणारं उत्तर हा आजचा आपला मजकूर.

हा काय समीक्षेचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. आमच्या मते झाला. या उत्तराचे आता साचे पडलेत. ते साचे शिकवणारे आहेत, पैसे घेऊन सराव करून देणारे आहेत, ‘अमुक म्हणा, तमुक म्हणू नका’ अशा याद्या आहेत. ज्या बोलण्याचे इतके संकेत ठरून गेलेत त्याला साहित्यप्रकार म्हणायला हरकत नसावी. आणि साहित्यप्रकार म्हटला की त्यातलं खरं कुठलं आणि नकली कुठलं हे सांगायला निकष लागतात. शिवाय इथे पणाला काही लागलेलं असतं. एखाद्या मुलीचं पुढचं वर्ष, आणि ती मुलगी पुढे ज्यांना तपासणार त्या माणसांची सुरक्षितता.

आधी पीए कोण ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पीए म्हटलं की मंत्र्याचा पीए डोळ्यांसमोर येतो. तो नव्हे. हा पीए रोगी तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनच्या समोर उभा राहून हात देतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आज अमेरिकेच्या ५० राज्यांत आहे; सगळ्यात शेवटी, २००७ साली, इंडियानाने तो दिला. शिक्षण साधारण सव्वादोन वर्षांचं, मास्टर्स पातळीचं. आधी वर्षभर वर्गात, मग वॉर्डात. या व्यवसायाची सुरुवात १९६५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात झाली. डॉ. युजीन स्टेड यांनी पहिल्या तुकडीत चार जण घेतले, आणि ते चौघेही नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेले, तिथे कोअरमन म्हणतात ते. जहाजावर, छावणीत, डॉक्टर हाताशी नसताना जखमा बांधलेली ही माणसं. त्यांना हातांचं काम येत होतं. दवाखान्यात येऊन त्यांना जी नवी गोष्ट अंगी बाणवायची होती ती म्हणजे डॉक्टरांच्या सोबतीने काम करणं: किती आपण करायचं, आणि कुठे थांबून ‘जरा येऊन बघता का’ म्हणायचं.

हे ‘जरा येऊन बघता का’ लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आता ‘वीकनेस’ या शब्दाकडे वळू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. मराठीत आपण हा शब्द सर्रास वापरतो, पण कसा वापरतो बघा. ‘आमरस हा माझा वीकनेस आहे’, म्हणजे आवड. ‘दोन दिवस ताप होता, वीकनेस आलाय’, म्हणजे अशक्तपणा. मुलाखतीत विचारलेला वीकनेस यांतला कुठलाच नाही, तरी मुलं नकळत या दोन्हींकडे सरकतात. कुणी लाडिक काहीतरी सांगतं, ‘मला कामाचा फार सोस आहे’. हे आमरसाच्या जातीचं. कुणी आजारपण सांगतं. त्याबद्दल पुढे बोलू.

मराठीत याला तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. दोष, उणीव, मर्यादा. दोष म्हटला की पाठोपाठ दोषी येतो, आरोप येतो. उणीव म्हणजे काहीतरी कमी पडतंय, ते भरून काढता येईल. आणि मर्यादा म्हणजे सीमा. ती भरून काढायची नसते, कुठे आहे ते ओळखायचं असतं. इंग्रजीतला तो एक शब्द हे तिन्ही पोटात घेऊन बसलाय. मुलाला वाटतं आपल्याला दोष विचारला, म्हणून तो बचाव करतो. विचारणाऱ्याने विचारलेली असते उणीव. आणि पीएच्या धंद्यात सगळ्यात मोलाचं काय, तर मर्यादेचं भान. आमचं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. जे उत्तर दोषाचा बचाव करतं ते पडतं. जे उणीव नीट सांगतं ते चालतं. उणीव सांगता सांगता बोलणाऱ्याला स्वतःची मर्यादा दिसते असं ज्यातून कळतं, ते उत्तर चांगलं.

आता नमुने वाचू. हे आम्ही रचलेले आहेत, कुणा एकाचे नाहीत. पण तयारी करणाऱ्या घरांत ते ओळखीचे वाटतील.

पहिला नमुना: ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे. काम मनासारखं होईपर्यंत मला चैन पडत नाही, त्यामुळे मी पुष्कळदा उशिरापर्यंत थांबते.’ ही साखरेत घोळवलेली गोळी आहे, फक्त आत औषध नाही. उणिवेचं नाव घेऊन स्वतःची पाठ थोपटायची. ओवुल सेझर आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. नोकरीच्या मुलाखतीत उणीव विचारली तर लोक काय सांगतील हे त्यांनी विचारलं, तेव्हा बहुसंख्यांनी असंच कौतुक उणीव म्हणून पुढे केलं; आणि ऐकणाऱ्यांना ते खरं बोलणाऱ्यांपेक्षा कमी पसंत पडले. (या अभ्यासाच्या सहलेखकांपैकी एकीचे दुसरे काही निबंध पुढे मागे घेतले गेले, तेव्हा आम्ही त्यावर फार भार टाकत नाही. पण ज्याने दहा मुलाखती घेतल्यात त्याला हे सांगायला अभ्यास लागत नाही.)

मात्र इथे आम्हाला नेहमीच्या सल्लागारांपासून वेगळं व्हायचंय. ते म्हणतात, ‘परफेक्शनिस्ट’ हा शब्द उच्चारूच नका. का बुवा? काही मुलं खरंच तशी असतात. आणि दवाखान्यात हा गुण नसून चांगलाच त्रासदायक प्रकार आहे. डॉक्टरांच्या नोंदी टिपून घेणारी स्क्राइब एकेक वाक्य घोटत बसली की पुढचे तीन रोगी बाहेर खोळंबतात. म्हणजे शब्दात खोट नाही, हकिकतीत आहे. नमुना परत ऐका: उशिरापर्यंत कोण थांबलं? तीच. किंमत कोणी मोजली? तिनेच. खऱ्या उणिवेची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. रोग्याला, सहकाऱ्याला, घरच्यांना. तिने असं सांगितलं असतं की ‘माझ्या नोंदी पूर्ण होईनात म्हणून डॉक्टरांना रात्री घरी बसून त्या संपवाव्या लागायच्या, आणि त्यांनी मला ते तोंडावर सांगितलं’, तर तोच शब्द खरा झाला असता. आमचा पहिला निकष हाच: या गोष्टीत झळ कुणाला बसली?

दुसरा नमुना जास्त हुशार असतो, म्हणून जास्त वेळ फसवतो. ‘मला पूर्वी चारचौघांत बोलायची फार भीती वाटायची. मग मी टोस्टमास्टर्समध्ये जायला लागलो. हळूहळू आत्मविश्वास आला, आता मी दोनशे लोकांसमोरही सहज बोलतो.’ ऐकायला छान. पण प्रश्न वर्तमानकाळात विचारलाय आणि उत्तर भूतकाळात आलंय! ‘तुमची उणीव काय आहे’ असं विचारलं होतं, ‘काय होती’ असं नाही. केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्या त्या दोन फोटोंसारखं हे आहे, लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर. माणूस असा आरपार बदलत नाही हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं; त्यांनी विद्यार्थी पाहिलेले असतात. सुधारणा सांगावी, जरूर सांगावी, पण काय उरलंय तेही सांगावं. उत्तर खरं वाटतं ते उरलेल्या भागामुळे.

या नमुन्याचा उगम त्या ‘उणिवेचं बलस्थानात रूपांतर करा’ नावाच्या सल्ल्यात आहे. आमच्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात निकामी सल्ला. प्रत्येक उणिवेचं बलस्थान होत असतं तर तिला उणीव कोण म्हणालं असतं? काही उणिवा आयुष्यभर सांभाळूनच राहावं लागतं. विसराळू माणूस चिठ्ठी लिहून ठेवतो, विसराळूपणा जात नाही. दवाखान्यात तर हे रोजचं आहे. ऑपरेशनच्या आधीची तपासयादी असते, औषध देण्यापूर्वी नाव आणि जन्मतारीख विचारतात, हे सगळं माणसाची उणीव जाणार नाही असं धरूनच आखलेलं आहे. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांवरचा तो गाजलेला अहवाल काढला. इस्पितळांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा त्यातला अंदाज होता. आकड्यावर पुढे वाद झाले, पण अहवालाचा मुख्य मुद्दा टिकला: माणसं चुकणारच, तेव्हा चूक वेळीच पकडली जाईल अशी रचना करा. अशा घरात शिरू पाहणाऱ्या मुलाने ‘माझी उणीव आता उरलेली नाही’ असं सांगणं म्हणजे त्या घराची रीतच त्याला कळलेली नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल आम्ही हळू बोलणार आहोत. काही मुलं सल्ल्यांच्या या बाजाराला कंटाळून एकदम सगळं उघडं करतात. ‘मला दोन वर्षांपासून नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत.’ ‘मला एडीएचडी आहे.’ प्रांजळपणाबद्दल आदर आहे. पण हे प्रश्नाचं उत्तर नव्हे. आजार म्हणजे उणीव नव्हे, आणि त्याला त्या रांगेत बसवणं हा आपणच आपल्यावर केलेला अन्याय आहे. अमेरिकेतल्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली प्रवेश देण्याआधी उमेदवाराला अपंगत्व किंवा तसा आजार आहे का हे विचारायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. जे त्यांनी विचारू नये असं कायदा सांगतो ते आपण दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरात हातावर ठेवायचं कशाला? आपल्याकडे म्हण आहे, हात दाखवून अवलक्षण. ती इथे शोभते. सवलती लागणार असतील तर त्या मागण्याची वेगळी वाट असते, वेगळं कार्यालय असतं.

आता म्हण आलीच आहे तर दुसरीही घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या श्रोत्यांत न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यांच्याशी जरा घरचं बोलायचंय. आपल्या घरांत मुलांना दोन गोष्टी एकाच वेळी शिकवल्या जातात. स्वतःची टिमकी वाजवू नये, ही एक. आणि घरातलं उणं बाहेर सांगू नये, ही दुसरी. झालं, आता मुलाखतीत मुलाने बोलायचं काय? गुण सांगायला संकोच, उणीव सांगायला मनाई. मग तो साच्याकडे धावतो.

पण याहून खोल एक गोष्ट आम्हाला दिसते. मुलगी ‘मला पीए व्हायचंय’ म्हणते तेव्हा आत्या, मावशी, कधी आईवडीलही, पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर का नाही मग?’ त्या ‘मग’मध्ये सगळं येतं. मार्क कमी पडले का? धीर सुटला का? म्हणजे ज्या वाटेने जायचं ठरवलं ती वाटच घरात उणीव ठरते. असं ऐकत ऐकत मोठी झालेली मुलगी मुलाखतीत बसते आणि कुणीतरी तिची उणीव विचारतं. तिला तो तेव्हा आत्याचाच प्रश्न ऐकू येतो. ती ताठ होते, आणि आपल्यात काहीच कमी नाही हे सिद्ध करायला लागते. साखरेची गोळी बाहेर येते ती इथून. तेव्हा आईबाबांनो, सरावाची मुलाखत घ्यायच्या आधी तो ‘मग’ घरातून काढता आला तर बघा. मुलाखत घेणाऱ्यांत पुष्कळदा पीएच असतात. समोरचा आपला व्यवसाय दुय्यम मानतोय की काय हे त्यांना एका वाक्यात कळतं.

आता चौथा नमुना, जो आम्हाला आवडतो. मुलगी एका फॅमिली क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून काम करते; पीएच्या अर्जासाठी असा रोग्यांसोबतचा अनुभव बहुतेक ठिकाणी लागतोच. ती म्हणते:

‘मला न समजलेलं विचारायला जड जातं. समोरचा घाईत असेल तर मी मान हलवते. मागच्या वर्षी रक्त घेताना कुठली नळी आधी भरायची ते मी नीट ऐकलं नव्हतं आणि विचारलंही नाही. नमुना वाया गेला, आजींना परत बोलावून दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. आमच्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, तू हो म्हणतेस तेव्हा तुला कळलंय की नाही हे मला कळत नाही. तेव्हापासून मी सांगितलेलं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवते. क्लिनिकमध्ये ते आता जमतं. नवीन ठिकाणी, अनोळखी डॉक्टरसमोर, अजून पहिल्या दिवशी घसा कोरडा पडतो.’

वाचायला घ्या. विशेषण एकही नाही, ‘मी लाजाळू आहे’, ‘मी भिडस्त आहे’ असं काही नाही. सगळा प्रसंग आहे. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटावं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजी वाटतात, कारण त्या स्वतःच्या अज्ञानाच्या आणि फजितीच्या हकिकती सांगून मोकळ्या होतात, स्वतःचं वर्णन करत बसत नाहीत. पुढे बघा. झळ कुणाला बसली ते आहे: आजींना, दुसऱ्या सुईची. उणीव कुणी दाखवली ते आहे: नर्सने. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, त्यावर आत्ता येतोच. उपाय आहे, आणि तो थोर नाही, ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, दवाखान्यांत ज्याला रीड-बॅक म्हणतात. आणि शेवटी तो कोरडा घसा. तो उरलेला भाग आहे. पीएच्या दुसऱ्या वर्षात विद्यार्थी काही आठवड्यांनी जागा बदलतो: आज बालरोग, पुढे शस्त्रक्रिया, मग आकस्मिक विभाग, मग मानसिक आरोग्य. दर वेळी अनोळखी माणसं, दर वेळी पहिला दिवस. म्हणजे तिची उणीव नेमकी जिथे डोकं वर काढणार ती जागा तिने स्वतःच दाखवली. याला आम्ही मर्यादेचं भान म्हणतो.

यात ती ‘आमच्या संस्कृतीत मोठ्यांना उलट विचारत नाहीत’ असं म्हणाली नाही, हेही बघा. म्हणता आलं असतं, आणि थोडंफार खरंही असेल. पण ते म्हटलं की उणीव तिची राहत नाही, सगळ्या मराठी माणसांच्या गळ्यात पडते. कारण म्हणून खरं असलेलं वाक्य उत्तर म्हणून पळवाट ठरू शकतं.

आता प्रश्नालाच थोडं झोडपू. कारण नुसती उत्तरं तपासायची आणि प्रश्नाला मोकळं सोडायचं, हे समीक्षेला शोभत नाही.

‘तुमची उणीव सांगा’ यात असं गृहीत धरलंय की माणसाला ती आतून दिसते. दिसते का? डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘जामा’ या नियतकालिकात एक आढावा घेतला. डॉक्टरांचं स्वतःच्या कौशल्याबद्दलचं मत आणि बाहेरून मोजलेलं कौशल्य यांच्या २० तुलना त्यांनी तपासल्या. १३ तुलनांमध्ये दोहोंत संबंध फारसा नव्हता, अजिबात नव्हता, किंवा चक्क उलटा होता. आणि काही अभ्यासांत तर ज्यांना कमी येत होतं आणि ज्यांना जास्त खात्री होती त्यांचाच अंदाज सर्वांत चुकीचा निघाला. हे शिकून तयार झालेले डॉक्टर. मग बावीस-चोवीस वर्षांच्या मुलाला, परक्या खोलीत, टाय लावून, आत डोकावून बघ आणि सांग म्हणणं कितपत बरोबर?

केव्हिन ईव्हा आणि ग्लेन रेगर या दोघांनी यावर जे लिहिलंय ते आम्हाला पटतं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ‘मला एकूण किती येतं’ हा अंदाज माणसाला नीट लावता येत नाही. पण ‘या क्षणी मला नक्की माहीत नाही, थांबून बघायला हवं’ ही जाणीव वेगळी आहे, आणि सुरक्षित काम तिच्यावर चालतं. म्हणजे पुन्हा आपण ड्यूकच्या त्या चौघांपाशी आलो. ‘जरा येऊन बघता का.’ हे वाक्य तोंडून निघतं का, केव्हा निघतं, हे मुलाखतीत शोधायला हवं. आणि आता त्याची गरज वाढतेय. नॉर्थ डकोटा, युटा, वायोमिंग अशा काही राज्यांनी गेल्या काही वर्षांत डॉक्टरांच्या देखरेखीचे नियम सैल केलेत. २०२१ मध्ये पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने ‘असिस्टंट’ काढून ‘असोसिएट’ हे नाव घ्यायचं ठरवलं. बाहेरचं कुंपण जसजसं मागे सरतं तसतसं आतलं भान जास्त लागतं.

म्हणून प्रश्न बदलावा असं आमचं मत आहे. ‘तुम्हाला कुणी शेवटचं काय सुधारायला सांगितलं, आणि ते ऐकून तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न आरशात बघायला लावत नाही, दुसऱ्याचे डोळे मागतो. त्याला साखरेची गोळी देणं अवघड आहे, कारण ‘तू फार परफेक्ट काम करतेस, जरा कमी कर’ असं कुठली नर्स कुणाला बाजूला घेऊन सांगते? काही ठिकाणी असं विचारतातही. ‘तुमचा सहकारी तुमच्याबद्दल काय तक्रार करेल’ हा त्यातलाच प्रकार.

दुसरा मार्ग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आला. जुन्या पद्धतीच्या मुलाखतीत गुण कोण बसलंय त्यावर फार ठरतात, म्हणून त्यांनी एका लांब मुलाखतीचे तुकडे केले. दहाएक खोल्या, प्रत्येकीत आठएक मिनिटं, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग. त्याला मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू म्हणतात. २००४ साली ती पद्धत मांडणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक हेच केव्हिन ईव्हा. आज कितीतरी पीए शाळा ती वापरतात. तिथे उणीव सांगावी लागत नाही, दिसते. आणि गंमत अशी होते की चौथ्या खोलीत ‘मी ऐकून घेणारा आहे’ म्हणणारा मुलगा सहाव्या खोलीत, रागावलेल्या नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या माणसाला, तीनदा मध्येच तोडतो.

एवढं सगळं असूनही जुना प्रश्न उद्या बंद होणार नाही. मुलांना तो येणार आहे. तेव्हा वेळ उरलाय त्यात श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न: ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आलाय, तो उणीव म्हणून सांगावा का? नाही. तो कागदावर आधीच आहे. पीए शाळांचे अर्ज जिथून जातात त्या कॅस्पा नावाच्या सेवेत विषय पुन्हा देऊन गुण वाढवले तरी जुने गुण पुसले जात नाहीत, दोन्ही मोजले जातात. अर्जातला कच्चा दुवा कुठला असं विचारलं तर सरळ सांगावं, दोन वाक्यांत, प्राध्यापकाला नावं न ठेवता. पण स्वभावातली उणीव विचारली असताना गुणपत्रिका पुढे करणं म्हणजे घरचे लोक समजून बोलणं. परीक्षक घरचे नाहीत. त्यांना टक्के ठाऊक आहेत, माणूस ठाऊक नाही. हां, तो सी कसा आला यात काही असेल, म्हणजे मदत मागायला उशीर केला, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला कधी गेलोच नाही, तर ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. मग उणीव केमिस्ट्रीची राहत नाही.

दुसरा प्रश्न एका बाबांनी पाठवलाय. ‘आमचा मुलगा रुग्णवाहिकेवर ईएमटी आहे. त्याला रोग्याच्या नातेवाइकांशी बोलणं टाळायची सवय आहे, तो सरळ यंत्राकडे वळतो. हे सांगितलं तर त्याला घेतील का? रोग्यांशी बोलण्याचाच तर हा व्यवसाय.’ घेतील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, ते त्या दिवशीच्या खोलीवर आणि इतर पन्नास गोष्टींवर अवलंबून असतं. पण एक सांगतो. हे तुम्हाला दिसलंय, म्हणजे त्याच्या जोडीदारालाही गाडीत दिसलेलं असणार. मुलाने पुढच्या पाळीला त्याला विचारावं, ‘मी नातेवाइकांशी कसा वागतो रे?’ जे उत्तर येईल ते आधी निमूटपणे ऐकून घ्यावं. मग एक महिना, प्रत्येक फेरीत, यंत्राला हात लावायच्या आधी घरातल्या एका माणसाला नाव विचारून एक वाक्य बोलावं. कधी जमेल, कधी जमणार नाही. रस्त्यावर अपघात असेल तेव्हा जमू नयेच. महिन्याने त्याच जोडीदाराला परत विचारावं. मुलाखत नोव्हेंबरात आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वेळ आहे. तोवर उत्तर लिहून पाठ करायला बसू नका.